खूण ज्याची त्यानेच करावी

चि. मुक्ता हिस,


तुझा लांबलचक निरोप व्हॉट्सॲपवर वाचला. उत्तर फोनवर देता आलं असतं. पण तू विचारलं आहेस त्यात कायदा आहे, पैसा आहे आणि साधी माणसं आहेत, म्हणून बसून लिहिते आहे.

लातुरात नोकरी लागली, गंजगोलाईत दुकानोदुकानी फिरून लोकांना क्यूआरची पाटी आणि साउंडबॉक्स लावून देतेस, याचा मला मनापासून आनंद आहे. आयुष्याची सगळी नोकरी मी बँकेच्या काउंटरमागे काढली; तू तेच काम उन्हातान्हात रस्त्यावर उभी राहून करतेस. तू लिहितेस, ‘आत्या, लोक काहीच वाचत नाहीत. फोन माझ्या हातात देतात आणि म्हणतात, ताई, तुम्हीच करा. मग मी सगळ्या चौकटींवर टिक करते, ओटीपी विचारून घेते, फोटो काढते, खातं चालू. सगळेच असं करतात. यात गैर काय?’

गैर आहे, मुक्ता. नेमकं कुठे, ते सांगते.

आधी ओळख पटवण्याबद्दल. दुकानदार तुला विचारतो, ‘भाजी विकायला माझं आधार-पॅन कशाला?’ आणि तू म्हणतेस, ‘कंपनीचा नियम आहे.’ हे उत्तर पुरेसं नाही. केवायसी, म्हणजे ही ओळख तपासणी, कंपनीची हौस नव्हे. काळा पैसा पांढरा करण्याला आळा घालणारा कायदा आपल्याकडे २००२ मध्ये झाला आणि १ जुलै २००५ पासून लागू झाला. त्या कायद्याखाली येणाऱ्या प्रत्येक बँकेला आणि वित्तसंस्थेला ग्राहक कोण आहे हे पाहावंच लागतं आणि त्याची नोंद जपून ठेवावी लागते. रिझर्व्ह बँकेने सविस्तर केवायसी निर्देश फेब्रुवारी २०१६ मध्ये काढला. आणि व्यापाऱ्यांचे पैसे गोळा करून त्यांच्या खात्यात पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांनी त्या व्यापाऱ्याची पार्श्वभूमी तपासावी, असं रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये वेगळं सांगितलं.

पण दुकानदाराला कलमं ऐकवू नकोस. त्याला भाड्याच्या खात्यांबद्दल सांग. एखाद्या निवृत्त शिक्षकाला ‘तुमच्यावर गुन्हा नोंदला आहे, पैसे भरा’ असं व्हिडिओ कॉलवर घाबरवून लुटतात, तेव्हा ते पैसे चोराच्या स्वतःच्या नावावर कधीच जात नाहीत. ते जातात कुठल्या तरी विद्यार्थ्याच्या, मजुराच्या किंवा नसलेल्याच दुकानाच्या खात्यात, तिथून दुसऱ्या, मग तिसऱ्या. तुझ्या वयाच्या मुलांना दोन-पाच हजार देऊन खातं, सिमकार्ड आणि एटीएम कार्ड ‘वापरायला’ मागतात. पुढे पोलीस येतात ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात. म्हणून तू दुकानाच्या पाटीचा फोटो काढतेस, माल आहे का पाहतेस, समोरचा माणूस आणि कागदावरचा चेहरा एकच आहे का हे तपासतेस. गाळा बंद असताना शेजारच्याच्या सांगण्यावरून एक जरी खातं उघडलंस, तर कुणाच्या तरी आयुष्याची पुंजी त्यातून वाहून जायला वाट करून दिलीस. मैत्रिणींनाही सांग, स्वतःचं खातं कुणाला ‘थोडे दिवस’ देऊ नका.

एक गोष्ट लपवू नकोस. लोकांच्या मनात कराची भीती आहे, आणि ती हवेतून आलेली नाही. जुलै २०२५ मध्ये बंगळूरमध्ये यूपीआयवरच्या जमेच्या आधारे छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि कित्येकांनी क्यूआरच्या पाट्या काढून ‘फक्त रोख’ असं लिहिलं. तुला कुणी विचारलं, तर ‘काही होत नाही हो’ असं म्हणू नकोस. जमा झालेल्या प्रत्येक रुपयाची नोंद राहते, ती करखात्याला दिसू शकते, हे सांग. मग तो ठरवेल. माझ्या अनुभवात बहुतेक लोक हे ऐकूनही खातं उघडतात, कारण त्यांना नोंद हवी असते. उद्या कर्ज मागताना तीच कामी येते.

आता कागदपत्रं. तू म्हणतेस बायकांची खाती फार अडकतात. अडकणारच. पत्त्यासह ओळख म्हणून सहा कागद चालतात: पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. पॅन त्या सहांत नाही. ते वेगळं लागतं, नसेल तर त्याऐवजीचा ठरलेला फॉर्म भरतात. एवढं सरळ आहे. अडतं ते नावात. आपल्याकडे मुलीचं मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनावही बदललेलं. शाळेचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, पॅन काढलं तेव्हा एजंटाने काय लिहिलं ते देवाला ठाऊक. आधारच्या केंद्रावरच्या पोराने ‘सुनीता’ची ‘सुनीताबाई’ केलेली असते. दत्तात्रयचा एका कागदावर दत्तू, दुसऱ्यावर दत्ता. वैजनाथचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कचेरीत निराळं. जन्मतारखेचं तर विचारूच नकोस. मास्तरांनी शाळेत घातलेली १ जून ही तारीख घेऊन अर्धा महाराष्ट्र म्हातारा झाला.

यंत्राला दोन नावं जुळत नाहीत एवढंच कळतं. ती बाई खोटी नाही, हे तुला कळतं. अशा वेळी ‘रिजेक्ट झालं’ म्हणून पुढच्या दुकानात जाऊ नकोस. लग्नानंतर नाव बदललं असेल, तर राज्य सरकारने दिलेला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात जुन्या ओळखपत्राला जोडली की ते ओळखपत्र चालतं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशातच तसं आहे. खेड्यातून येऊन लातुरात भाड्याने राहणाऱ्याचा आधारवरचा पत्ता गावचा असतो. आधारवरून ई-केवायसी होत असेल, तर सध्याचा पत्ता त्याने स्वतः लिहून दिलेला चालतो. हे तुझ्या कंपनीच्या ॲपमध्ये कुठे भरायचं ते विचारून घे. ही दोन वाक्यं ठाऊक असलेली मुलगी बाजारात असणं म्हणजे त्या बायकांचे कचेरीचे किती हेलपाटे वाचले, विचार कर.

आता तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याशी येते. संमती.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा निरक्षर खातेदाराचा अंगठा घेण्याची एक पद्धत होती. मजकूर त्याला समजेल अशा भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा, मग ठसा घ्यायचा, शेजारी साक्षीदाराची सही, आणि ज्याने वाचून दाखवलं त्याने तसं लिहून खाली स्वतःचं नाव घालायचं. त्या एका ओळीमुळे वाचून दाखवणारा बांधला जायचा. आता टिकच्या चौकटीखाली वाचून दाखवणाऱ्याचं नाव नाही. सही शिक्का फक्त त्या माणसाचा, आणि बोट तुझं. तुझ्या पद्धतीत मला खुपतं ते हे.

चुकीच्या बोटाने केलेल्या टिकमुळे काय होतं, ते आपल्या देशाने पाहिलेलं आहे. २०१७ मध्ये लोक मोबाइलचं सिम आधारने पडताळून घ्यायला दुकानात गेले. अंगठा दिला सिमसाठी. अनेकांच्या नावे एअरटेल पेमेंट्स बँकेत खातं उघडलं गेलं, त्यांना पत्ताही नव्हता. पुढची गोष्ट आणखी वाईट. गॅसचं अनुदान आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. त्यामुळे नेहमीच्या बँकेत येणारे पैसे बंद झाले आणि या माहीत नसलेल्या खात्यात साचू लागले. पासबुक भरून घेणाऱ्या बाईला कसं कळणार पैसे कुठे गेले? डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीचा ई-केवायसीचा परवाना स्थगित केला. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटी रुपये दंड केला, आणि ग्राहकांच्या स्पष्ट संमतीविना खाती उघडल्याच्या तक्रारींचा उल्लेख आपल्या निवेदनात केला. मुक्ता, ती प्रत्येक टिक कुठल्या तरी दुकानात, कुठल्या तरी घाईत असलेल्या मुलाने किंवा मुलीने केलेली होती. त्या मुलांचं नाव कुठे आलं नाही; पण पैसे त्या बायकांचे अडकले.

तुला हे दूरचं वाटत असेल तर आणखी एक आठव. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. ज्यांच्याकडे दाखवायला दुसरा कागद नाही, त्यांना ओळख मिळावी हा त्यातला विचार होता. त्याच माणसांच्या अज्ञानाचा फायदा त्याच क्रमांकाने कुणी घेऊ नये, म्हणून २०१६ च्या आधार कायद्याच्या ८ व्या कलमात पडताळणीआधी संमती घ्यायची, माहिती कशासाठी वापरणार ते सांगायचं आणि आधार न देता दुसरा कोणता मार्ग आहे तेही सांगायचं, असं लिहिलं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये आधारच्या खटल्यात बँक खात्याला आणि सिमकार्डाला आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. म्हणजे सरकारी अनुदान थेट खात्यात घ्यायचं नसेल, तर आधारऐवजी मतदार ओळखपत्र पुढे करणाऱ्या माणसाला ‘आधारच लागतं’ असं सांगणं खरं नाही. ॲपमध्ये तो पर्याय खालच्या कोपऱ्यात असला तरी उघडून दाखव.

२०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने संमती कशाला म्हणायचं तेही ठरवून दिलं आहे: मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती, समजून दिलेली, बिनशर्त, निःसंदिग्ध, आणि माणसाच्या स्पष्ट कृतीतून आलेली. जितक्या सहज दिली तितक्या सहज ती काढून घेता आली पाहिजे. संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीत आलीच, आणि उदगीरच्या बाजूला कन्नड बोलणारा दुकानदार भेटला तर कन्नडही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. तू मात्र पूर्ण अंमलाची वाट पाहू नकोस.

तुझ्या स्क्रीनवर चौकटी किती असतात, आणि त्यातली खात्यासाठी आवश्यक कोणती? मी सांगते. ओळख पडताळणीची आणि खात्याच्या अटींची, या लागतातच. त्यांच्या खाली असते क्रेडिट अहवाल पाहू देण्याची, कर्जाच्या ऑफर पाठवू देण्याची, व्हॉट्सॲपवर संदेश पाठवण्याची, माहिती ‘भागीदार कंपन्यांना’ देण्याची. या चौकटी खात्याला लागत नाहीत. तू सगळ्या एका दमात दाबतेस. पुढच्या महिन्यात त्या दुकानदाराला फोन येतो, ‘सर, तुमचं पन्नास हजारांचं कर्ज मंजूर आहे’, आणि रोजच्या जमेतून हप्ता कापला जायला लागतो. संध्याकाळी साउंडबॉक्स म्हणतो एक आणि बँकेत येतं दुसरंच. तो तुला शोधत येतो, तोवर तुझा भाग बदललेला असतो.

म्हणून असं करत जा. फोन त्याच्याच हातात राहू दे. तू शेजारी उभी राहून प्रत्येक चौकट दोन वाक्यांत मराठीत सांग: ‘ही तुमची ओळख तपासायला. ही कर्जासाठी तुमचा जुना हिशेब बघायला, ही नाही दिली तरी खातं होतं.’ खूण त्याच्या बोटाने होऊ दे. ओटीपी आला की तो आकडा मागू नकोस. आधी त्या संदेशातली वाक्यं वाचून दाखव, कारण ओटीपी कशासाठी आहे ते बहुधा त्या संदेशातच लिहिलेलं असतं. मग आकडा त्यालाच टाकू दे, तुझ्या ॲपमध्ये टाकायचा असला तरी. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या मुलीला ओटीपी सांगायची सवय तू आज त्याला लावलीस, तर उद्या तसंच ओळखपत्र घालून येणाऱ्या भामट्यालाही तो सांगेल. आणि जाताना एवढं सांग की पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी ‘पैसे मिळतील, पिन टाका’ म्हणालं तर ते पैसे जाणार आहेत. फसलंच कुणी, तर लगेच १९३० वर फोन आणि बँकेला कळवणं. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

व्हिडिओवरून केवायसी होते तिथे एक वेगळीच काळजी घे. बँकेचा अधिकारी पलीकडून प्रश्न विचारतो आणि तू शेजारून हळूच उत्तरं सांगतेस, हे तूच लिहिलं आहेस. दुकानदार गांगरतो म्हणून तू मदत करतेस, मला समजतं. पण ग्राहकाला कुणी उत्तरं पढवत आहे असं दिसलं तर ती प्रक्रिया नाकारायची, असा नियम आहे, आणि तो योग्य आहे. पलीकडच्याला कसं कळावं की शेजारी पुतणी बसली आहे की धमकावून खातं उघडून घेणारा? कॉल लागण्याआधी त्याला काय विचारतील ते सांग, पॅन हाताशी ठेवायला सांग, आणि कॉल लागला की बाजूला हो.

आणि ज्यांना यंत्र ओळखतच नाही ती माणसं. आडत बाजारातल्या हमालांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा जुळत नाही. कॅमेरा म्हणतो डोळे मिचकावा, आणि कुणाला ते जमतच नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही व्यक्तींनी आणि अंध व्यक्तींनी नेमकी हीच तक्रार सर्वोच्च न्यायालयात नेली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि आर. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीची प्रक्रिया अशा व्यक्तींनाही करता येईल अशी करा, म्हणून वीस निर्देश दिले. हा निकाल मी वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. एखाद्याचा चेहरा ॲप घेत नसेल, तर तीनदा प्रयत्न करून त्याला लाजवू नकोस. त्याचं नाव, अडचण काय आली ते लिहून वरच्या अधिकाऱ्याकडे पाठव, जवळच्या शाखेत स्वतः घेऊन जा. हे काम तुझ्या टार्गेटमध्ये मोजलं जाणार नाही. तरीही कर.

तुझ्या फोनमधल्या फोटोंबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ॲप अडकलं की तू आधार-पॅनचे फोटो आपल्या गॅलरीत काढून टीमच्या ग्रुपवर टाकतेस. मुक्ता, त्या ग्रुपमध्ये किती जण आहेत, नोकरी सोडून गेलेले किती अजून त्यात आहेत, तुला माहीत आहे का? तो फोन हरवला तर? कागदाचा फोटो फक्त कंपनीच्या ॲपमध्येच काढ. ॲप बंद असेल तर उद्या परत जा. आधारची प्रत घ्यावीच लागली तर शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेली घे. तसं झाकलेलं आधार प्राधिकरणाच्या साइटवरून मोफत उतरवता येतं. आधीचे सगळे फोटो आज रात्री पुसून टाक, फोनच्या कचऱ्याच्या डब्यातूनही.

टार्गेटचं मला समजत नाही असं समजू नकोस. महिनाअखेर, टीम लीडरचा फोन, ‘बाकीच्यांची इतकी झाली, तुझी का नाही?’ पण त्या लीडरलाही एक गोष्ट सांगता येईल. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, १५ मार्चनंतर तिथे नवे पैसे जमा करता येणार नाहीत असं झालं. नियमांचं पालन सातत्याने न होणं हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. त्याच्या आधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये केवायसीतल्या त्रुटींसाठी त्या बँकेला ५ कोटी ३९ लाखांचा दंड झाला होता. निर्बंधांनंतरच्या आठवड्यांत पाटी कुठली ठेवायची, पैसे कुठल्या बँकेत वळवायचे म्हणून देशभर छोटे दुकानदार धावले. घाईघाईने उघडलेलं खातं कंपनीलाही महागात पडतं, हे हिशेबाच्या भाषेत सांग. तरीही कुणी ‘तूच टिक कर आणि मोकळी हो’ म्हणालं, तर ते लेखी मागून घे. लेखी कुणी देणार नाही, आणि तुझी सुटका होईल.

आता तुझ्याकडून मला एक काम हवं आहे. गेल्या काही महिन्यांत ज्यांच्या नावे तू कर्जाची चौकट दाबलीस त्यांची यादी काढ. ॲपमध्ये तुझ्या नोंदी असतीलच. रोज चार-पाच दुकानं कर. प्रत्येकाला त्याच्याच फोनवर ती परवानगी कुठे आहे ते दाखव, नको असेल तर त्याला बंद करू दे. कुणाच्या नावे कर्ज आधीच आलं असेल, तर विना दंड परत करायला थोडी मुदत असते. ती किती हे कर्जाच्या मुख्य माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ते त्याच्यासोबत वाच. मुदत गेली असेल तर हप्ता किती, व्याज किती, कधी संपणार हे त्याला कागदावर लिहून दे आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा नंबर दे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडे आधी जा. दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग, आणि यादीचं कुठवर आलं ते रविवारी कळव.

तुझी,
आत्या